आक्कांच्या घरात न आलेलं पाणी

तांबोळी, तुमच्या शोकसभेसाठी आपल्या सोसायटीने तुमची गच्ची साफ केली. अगदी मनापासून केली. खोरी आणली, घमेली आणली, दोन माणसं लावली, आणि आपले चेअरमन पाटणकर स्वतः डोक्याला टोपी घालून मे महिन्याच्या उन्हात उभे राहिले. तुम्ही इतकी वर्षं जपलेलं सगळं मुळासकट खरवडलं, माती पोत्यांत भरली, झाडलं, धुतलं आणि वर सतरंज्या अंथरल्या. तुम्ही गेलात म्हणून हो. तुमचा कार्यक्रम नीटनेटका व्हावा म्हणून.

मी त्या वेळी खाली रेहानावहिनींजवळ बसले होते. तुमच्यामागे त्या इद्दतीत बसलेल्या, चार महिने घराबाहेर येणार नव्हत्या. वर आले ती तुमच्याबद्दल चार शब्द बोलायचे असं ठरवून. दारातून पाऊल टाकलं आणि समोर नुसता उघडा स्लॅब. बोलायचं ते सगळं विसरले. दुःखबिःख बाजूला राहिलं, असा काही संताप आला की काय सांगू! पाटणकरांचा आला, सतरंजीवर बसलेल्या एकेकाचा आला आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त तुमचा आला. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणे. तुम्ही होतात तेव्हा तरी मी कुठे असले नियम पाळले?

समोर खुर्चीवर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि मागे फ्लेक्स: ‘कै. तांबोळी साहेबांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ कैलासवासी! तुम्हाला विचारलं होतं का कुणी, कैलासाला जाता का म्हणून? मी पाटणकरांना बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा म्हणाले, “अहो बाई, भावना बघा.” हार तेवढा काढायला लावला. फ्लेक्स राहिला, कारण तो सुतळीने घट्ट बांधला होता आणि पाटणकरांकडे कात्री नव्हती. वहिनींना यातलं काही बघावं लागलं नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

सभेत सगळे चांगलं बोलले. तुमचा स्वभाव, तुमची शिस्त, तुमचं बागेचं वेड. बागेचं वेड! एकाही माणसाला आठवत नव्हतं की ती बाग नव्हतीच. एकालाही नाही, तांबोळी. इतकी वर्षं त्या छपराखाली राहून.

तुमचा जन्म गेला ड्रेनेजच्या लाइनी आखण्यात. मंडईजवळच्या गल्लीत वाढलेला माणूस निवृत्त होतो आणि विश्रांतवाडीला, उताराच्या अगदी तळाशी, ओढ्याला खेटून फ्लॅट घेतो, हे मला तेव्हाच अजब वाटलं होतं. मी विचारलंही होतं, “अहो, पाण्याचं एवढं कळतं तर इथे कसं काय घेतलंत?” तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “कळतं वेगळं आणि परवडतं वेगळं, बाई.” तिथून आपली ओळख सुरू झाली. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला म्हटल्यावर तुम्ही लगेच टोमणा मारला होता, की फळ्यावर बाण काढून पाणी वळत नसतं. मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात मीच थांबून बोलले.

त्या वर्षी पावसाळ्यात आक्कांच्या घरात पाणी शिरलं. त्यात नवल काही नव्हतं, दर वर्षी शिरायचं. ही जमीन मूळची आक्कांच्या घरची. बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, मुलं आपापले विकून लांब राहायला गेली आणि आक्का मागच्या बाजूला तळमजल्यावर एकट्या राहिल्या, कारण त्यांना जिना चढवत नाही. पाणी आलं की सगळे मागच्या भिंतीशी जमायचे आणि ओढ्याला शिव्या द्यायचे. ओढा झाला की नगरसेवक, नगरसेवक झाला की बिल्डर. तुम्ही मात्र छत्री घेऊन ओढ्याकडे पाठ करून उभे होतात आणि मान वर करून बघत होतात. मला वाटलं, झालं, हा पण चक्रम निघाला.

“बाई, ओढा अजून अर्धासुद्धा भरलेला नाही,” तुम्ही म्हणालात. “हे पाणी ओढ्याचं नाही. हे आपलंच आहे. वरून आलेलं.”

मग दाखवलंत. गच्चीचे सगळे पाइप मागच्या अंगणात उतरवलेले, आक्कांच्या दारासमोर. एवढ्या मोठ्या गच्चीवर पडेल ते सगळं धडाधडा खाली आणि तिथून सरळ त्यांच्या उंबऱ्यावर. मी म्हटलं, मग पाइप पुढच्या बाजूला वळवा की. तर तुम्ही म्हणालात, पुढे वळवलं की पार्किंगमधून रस्त्यावर जाईल आणि रस्त्यावरून फिरून परत इथेच येईल, आपण तळाला आहोत. वळवून भागणार नाही, वरच थोपवायला हवं. गच्चीवर माती घालायची, मातीत झाडं लावायची. पाऊस आला की आधी माती पिऊन घेईल, मग उरलेलं सावकाश सोडेल.

माझ्या डोक्यावर, तांबोळी! मी वरच्या मजल्यावर राहते, हे तुम्हाला माहीत होतं. माझ्या बेडरूमच्या बरोबर वर हा गृहस्थ माती घालणार आणि ती पाणी पिणार. मी तुम्हाला जिन्यातच सांगितलं की माझं डोकं अजून फिरलेलं नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. आधी स्लॅबला वजन झेपेल का ते तपासून घेतलंत, मग गच्चीची भोकं बंद करून वर पाणी कोंडून ठेवलंत आणि रोज सकाळी माझ्याकडे यायला लागलात, गळतंय का बघायला. चहा घ्यायचात छताकडे बघत. माझ्याशी बोलायचात तेही छताकडे बघत. घरी आलेले पाहुणे विचारायचे, हे कोण, यांची मान अवघडली आहे का?

छत गळलं नाही. मग मी तुमच्या बाजूने झाले, आणि खरी कटकट तिथून पुढे सुरू झाली. कारण तुम्हाला माणसांशी बोलता येत नव्हतं. सर्वसाधारण सभेत पाटणकरांनी सरळ साधा प्रश्न विचारला, “म्हणजे हे केलं की पाणी तुंबणार नाही ना?” हो म्हणायचं होतं हो! नुसतं हो! तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, “तुंबेल. पण कमी तुंबेल आणि उशिरा तुंबेल. फार मोठा पाऊस सतत लागला, तर माती भरून जाईल, मग तिचा उपयोग नाही.” असं सांगून कुणी मत देतं का? सगळे घड्याळं बघायला लागले. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, वर माती आणि झाडं आली की वरच्या मजल्यांना उन्हाळ्यात थंड वाटेल, एसी कमी लावावा लागेल. पाच मिनिटांत ठराव पास.

तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. “हे थंडाव्यासाठी नाही, बाई. हे आक्कांसाठी आहे. तुम्ही सगळ्यांना चुकीचं कारण दिलंत.” मी म्हटलं, कारण कुठलंही असो, काम झालं ना? तुम्ही म्हणालात, चुकीच्या कारणाने झालेलं काम टिकत नाही. हा वाद आपण शेवटपर्यंत घातला. अगदी एप्रिलमध्येसुद्धा घातला. आणि मी तुम्हाला आजही सांगते, तुमच्या खऱ्या कारणावर ते काम झालंच नसतं. तुमचं कारण घेऊन तुम्ही आजही सभेत उभे असता आणि पाटणकर तुम्हाला ‘बसा, बसा’ म्हणत असते. बोला आता. नाही ना बोलता येत? मग माझंच खरं.

काम मात्र तुम्ही देखणं केलंत, ते कबूल. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं खाली घुसू नयेत म्हणून जाड काळी शीट, तिच्यावर खडी, खडीवर कापड आणि सगळ्यात वर वीतभरही नाही एवढी हलकी माती, विटांचा चुरा आणि नारळाचा भुसा कालवलेली. मला वाटलं आता गुलाब येणार, मोगरा येणार. तुम्ही पिशवी उघडलीत तर त्यात टेकडीवरचं गवत, सोनकी, कवळा, पानफुटी आणि घोळ. घोळ! जी आम्ही मंडईतून जुडीने आणतो आणि डाळ घालून भाजी करतो, ती. मी म्हटलं, अहो हे तण आहे. तुम्ही म्हणालात, एवढ्याशा मातीत गुलाब आठवडाभर टिकणार नाही, हे खडकावरचं आहे, याला सवय आहे.

आणि मग तो उन्हाळा. बाकी काही असो, तुमच्या गच्चीसारखी भकास गच्ची अख्ख्या विश्रांतवाडीत नव्हती. सगळं वाळून कुरकुरीत. तपकिरी, करडं, मधून मधून माती उघडी. शेजारच्या सोसायटीतले लोक आपल्याकडे बघून हसायचे. मी तुमच्या मागे लागले होते, कोपऱ्यात तरी थोडं लॉन लावा. तुम्ही काय म्हणालात? “उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी माणसांना पुरत नाही, ते मी गवताला पाजू?” बरं, लॉन नको. मग पाटी लावा. एक साधी पाटी: हे मेलेलं नाही, पाऊस आला की उगवेल, हात लावू नये. एवढंच. तुम्ही त्यालाही नाही म्हणालात! या गावात माणसं चपला कुठे काढायच्या याची पाटी लावतात, बेल किती वेळा वाजवायची याची लावतात, आणि तुम्हाला एक पाटी जड झाली. म्हणे, लोकांना डोळे आहेत, जुलैत बघतील आपोआप.

दर जुलैत बघायचे हो ते, आणि उन्हाळा आला की विसरायचे. पण तुम्ही गेलात मे महिन्यात.

दुपारी झोपलात ते उठला नाहीत. वहिनी चहा घेऊन हाक मारायला गेल्या आणि मग मला त्यांचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. तो आवाज मी विसरायचा प्रयत्न करते आहे. आता तुम्हाला म्हणून सांगते, मला तुम्ही फार आवडायचात. हे असं कधी तोंडावर म्हणाले नाही. माझं वय झालं, तुमचं झालं, शिवाय म्हटलं असतं तर तुम्ही छताकडे बघितलं असतं.

ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी आठवतात. गच्चीवर सोनकी पिवळीधमक, गवत गुडघ्याला लागेल एवढं, त्यात कुठून कुठून आलेली फुलपाखरं. पाऊस थांबून बराच वेळ झालेला असायचा, आणि पाइपातून खाली बारीक धार चालूच असायची. तुम्ही कठड्याला टेकून ती धार ऐकत उभे राहायचात, लोक रेडिओवर गाणं ऐकतात तसे. “बघा, अजून सोडते आहे,” म्हणायचात. “काही घाई नाही तिला.” वहिनी खालून शेवया पाठवायच्या. त्या दिवसांत मला वाटायचं, निवृत्त होऊन एवढं मिळालं, बास झालं. खरंच वाटायचं.

आणि श्रावणात बायका पत्री तोडायला वर आल्या की तुम्ही हातातली वाटी टाकून धावायचात. “उपटू नका! कापा! मुळं राहू द्या!” शेवटी गच्चीच्या दाराला दोरीने कात्री बांधून ठेवलीत. गौरीच्या दिवसांत तर तुम्ही दाराशी स्टूल टाकून बसायचात. नव्याने आलेली सून एकदा मला म्हणाली, ते वरती बसतात ते काका पुजारी आहेत का? मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

पण तुमचं खरं दुखणं वेगळं होतं आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. माती घातल्यापासून आक्कांच्या घरात पाणी आलं नाही. एकदा फक्त, तीन दिवस आभाळ फाटल्यासारखा पडला तेव्हा उंबऱ्याच्या आत जरासं आलं. एरवी कोरडं ठणठणीत. तुम्ही मोठ्या उत्साहाने आक्कांना विचारायला गेलात, मी बरोबर होते.

“काय आक्का, यंदा पाणी नाही ना आलं?”

“न्हाय आलं,” आक्का तांदूळ निवडत म्हणाल्या. “औंदा पाऊसच कमी हाय.”

पाऊस भरपूर होता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी आक्का म्हणाल्या, देवाची कृपा. पाटणकर म्हणाले, महापालिकेने ओढा साफ केला ना, त्याचा परिणाम. तुम्ही माझ्या घरी येऊन इतके चिडलात की चहाला हात लावला नाहीत. “बाई, पाणी आलं असतं तर मी फोटो काढून दाखवला असता. जे आलंच नाही ते दाखवू कसं?” मी म्हटलं, सभेत सांगा. तुम्ही म्हणालात, मी स्वतःची टिमकी वाजवणार नाही. मग बसा! मग बसा तसेच! मी तेव्हाही हेच म्हटलं होतं. तुम्ही न सांगता काम करणार, लोक न बघता त्यात राहणार आणि मधल्यामधे माझं डोकं उठणार.

तर आता ऐका पुढचं. तुमच्या मातीची ती पोती न्यायला गाडी मिळेना. मग ती कुठे टाकली असतील? मागच्या भिंतीवरून ओढ्यात. अख्खी पोती. तुमच्याच मातीने ओढ्याचं तोंड बुजलं. वर स्लॅब उघडा, खाली ओढा अडलेला. जूनच्या शेवटी एका दुपारी चांगला दणकून पडला, तास-दीड तास. काही ढगफुटी वगैरे नव्हती. तुमच्या मातीने हसत हसत पिऊन टाकला असता असला पाऊस. मी खिडकीतून बघत होते. पाइप असे काही फुटल्यासारखे वाहत होते, की मला तो आवाज ओळखता येईना, कारण इतक्या वर्षांत तो ऐकलाच नव्हता.

खाली धावले तोवर आक्कांच्या घरात घोट्याच्या वर पाणी. गादी भिजली, पिठाचा डबा तरंगत होता, आक्का पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या. मागे पाटणकर छत्रीतून आले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, “यंदा पाऊसच जास्त आहे.”

तांबोळी, मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. वहिनी घरात बसून ऐकत होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी मला तोंडभर आशीर्वाद दिला.

मग आला ठराव. गच्ची आता रिकामी झालीच आहे, तर तिथे पत्र्याची शेड घालू. छान कार्यक्रम होतील, वाढदिवस, हळदीकुंकू. गणपतीच्या आत उभी करू. आणि नाव देऊ, ‘तांबोळी स्मृती सभागृह’. पत्रा, तांबोळी! पत्र्यावर पडलेला थेंब तर एक क्षणही थांबत नाही. तुमच्या नावाची पाटी पुढे, आणि मागून सगळं पाणी धाडकन आक्कांच्या दारात. तुम्ही जन्मात एक पाटी लावू दिली नाहीत, आता ही लागणार.

सभेला जायच्या आधी मी वहिनींकडे गेले. म्हटलं, तुमचं काय म्हणणं आहे, मी सांगते. त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, “ते उठले की आधी वर जायचे आणि मग चहा. मला राग यायचा त्या मातीचा. पण तिला हात लावायला नको होता. तुम्ही बोला, बाई. फक्त त्यांच्यासारखं बोलू नका.”

मी तुमच्यासारखं बोलले नाही. मी शाळेत बोलायचे तसं बोलले. बादली आणली, पत्र्याचा तुकडा आणला, पायपुसणं आणलं. पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतलं, सगळं पाटणकरांच्या बुटांवर गेलं. पायपुसण्यावर ओतलं, ते राहिलं, मग थेंब थेंब गळायला लागलं. म्हटलं, ही तांबोळींची गच्ची होती. ती बाग नव्हती, ती थंडाव्यासाठीही नव्हती. हे सगळं आक्कांच्या घरात पाणी जाऊ नये म्हणून होतं. इतकी वर्षं गेलं नाही, ते यामुळे गेलं नाही. ज्याला काही करायचंच असेल त्याने पोतंभर माती वर नेऊन टाकावी. तेच स्मारक, दुसरं नको.

मला वाटलं, जमलं. तिसऱ्या मजल्यावरचा तो आयटीतला भाडेकरू खरोखर ओशाळला होता, म्हणाला, “आंटी, सॉरी, बट इट लुक्ड टोटली डेड ना.” एकदोघांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, बाई म्हणतात त्यात पॉइंट आहे. तेवढ्यात पाटणकरांनी मोठेपणाने विषय संपवला. म्हणाले, “हे बघा, पाणी ज्यांच्या घरात जातं त्यांनाच विचारू. आक्का, तुमची हरकत आहे का शेडला?”

मी मनात म्हटलं, सुटलो. आक्का नको म्हणतील आणि कुणाची टाप नाही पुढे बोलायची.

आक्का काठी टेकून उभ्या राहिल्या. “शेडला तांबुळी सायबांचं नाव देनार ना?”

“देणार तर!”

“मग माजी न्हाय हरकत,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्या मागून सगळ्यांचे वर गेले. विरोधात मी एकटी.

सभा संपल्यावर मी त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरात गेले. मी चांगलीच भडकले होते. म्हटलं, आक्का, मी एवढं ओरडून सांगितलं ते काय भिंतीला? ती शेड झाली की दर पावसात तुमच्या घरात पाणी येणार, कळतं का तुम्हाला? त्यांनी मला पलंगावर बसवलं. गादी अजून ओलीच होती. म्हणाल्या, “पानी येनारच की बाई. हितं आमचं वावर व्हतं, तवाबी यायचं. त्याचं काय येवढं. तुमास्नी एक ठावं न्हाय. सायेब नवीन आल्ते तवा दर पावसात माज्या घरी यायचे. कुनाला न सांगता, मागल्या दारानं. पँट गुडघ्यापतुर वर करून बादलीनं पानी काढायचे. माज्या पोटच्या पोरांनी कदी बादली धरली न्हाय. असल्या मानसाचं नाव वर लागत असंल, तर मी नको म्हनू? दगड हाय का मी?”

मला हे माहीत नव्हतं, तांबोळी. तुम्ही मलाही सांगितलं नव्हतंत.

मी काही बोलणार, तेवढ्यात आक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, आपल्या माणसाची उणी बाजू सांगताना आणतात तसा. “मागली काई वरसं यायचे बंद झाले, ते खरं. पाऊस पडला तरी बादली घिऊन फिरकायचे न्हाईत. वय झालं व्हतं त्येंचंबी. पन मी मनात न्हाय धरलं, बाई. येका शब्दानं बोलले न्हाय कुनाला.”

ऐकलंत ना, तांबोळी? आक्कांनी तुम्हाला माफ केलंय.